सागने फ्योर्ड: उंबरठ्याआडची खाडी

कॅनडातल्या मॉन्ट्रियलहून निघून सेंट लॉरेन्स नदीच्या उत्तर काठाने जाणारा १३८ क्रमांकाचा रस्ता साडेपाच-सहा तासांच्या प्रवासानंतर बे-सेंत-कातरीन या गावाशी थेट पाण्यात उतरतो. पुढे पूल नाही. समोर तादुसाक गाव दिसत असते, मध्ये सागने नदीचे मुख असते आणि ते फेरीबोटीने ओलांडावे लागते. ही बोट वर्षभर, दिवसरात्र चालते, तिला तिकीट नाही आणि पैलतीर गाठायला तिला दहा मिनिटे पुरतात. यंदा ऑगस्टमध्ये माझे वडील आमच्याकडे आले होते, तेव्हा त्यांना घेऊन आम्ही चार दिवसांसाठी इकडे आलो. अण्णांची सारी नोकरी दाभोळच्या परिसरात, वाशिष्ठीच्या खाडीकाठच्या शाळांत शिकवण्यात गेली. आमची गाडी बोटीवर चढून उभी राहताच ते खाली उतरले आणि कठड्याशी जाऊन उभे राहिले. दाभोळहून धोपाव्याला जाताना फेरीबोटीत ते असेच उभे राहतात. जरा वेळाने त्यांनी मला खुणेने बोलावले आणि म्हणाले, "अगं, इथे दोन पाण्यं भेटतायत."

खरोखरच पाण्यावर फेसाची एक वाकडी रेघ लांबवर गेलेली होती. तिच्या एका अंगाला सागनेचे, कोऱ्या चहाच्या रंगाचे पाणी होते आणि दुसऱ्या अंगाला सेंट लॉरेन्सचे हिरवट करडे पाणी. या जागी मी यापूर्वी दोनदा येऊन गेले होते, पण ती रेघ माझ्या नजरेला कधी पडली नव्हती.

सागने फ्योर्ड, म्हणजे या नदीची मुखाकडची खोल खाडी, सुमारे १०५ किलोमीटर लांब आहे. हिमयुगातल्या प्रचंड हिमनद्यांनी इथली दरी खोल कोरून काढली आणि बर्फ मागे हटल्यावर तिच्यात समुद्र शिरला. कोकणातल्या खाड्याही तशा बुडालेल्याच. समुद्राची पातळी वाढली तेव्हा आपल्या नद्यांची मुखे पाण्याखाली गेली आणि त्यांच्या खाड्या झाल्या. परंतु आपली खाडी आत जावे तशी उथळ होत जाते, आणि हा फ्योर्ड आत गेल्यावर अधिक खोल होतो. मुखाशी, पाण्याखाली, एक आडवा उंचवटा आहे; त्याच्यावर पाण्याची खोली जेमतेम वीस मीटर भरते. तो ओलांडून आत गेले की तळ खाली खाली जातो आणि काही ठिकाणी २७० मीटरच्याही पलीकडे पोहोचतो. हॉटेलच्या खोलीत मी कागदावर हा छेद काढून दाखवला तेव्हा अण्णा म्हणाले, "म्हणजे घराला उंबरठा असतो तसा." फ्रेंच भाषेतही या उंचवट्याला उंबरठ्याचाच शब्द आहे, हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांना फार समाधान वाटले.

या उंबरठ्यामुळे इथे जे घडते ते समजून घेतल्याशिवाय इथल्या सागरी उद्यानाचा अर्थ लागत नाही. वरून, सें-झां सरोवराकडून, गोडे पाणी येते; ते जंगलांतून आणि दलदलींतून झिरपून आल्यामुळे तपकिरी असते, उन्हाळ्यात बऱ्यापैकी कोमट होते, आणि हलके असल्यामुळे वरच राहते. रोज दोन वेळा भरतीबरोबर सेंट लॉरेन्सचे थंडगार खारे पाणी उंबरठा चढून आत येते आणि जड असल्यामुळे आतल्या बाजूने खाली कोसळून तळाशी पसरते. त्यामुळे एवढ्या खोलावरही पाणी कुबट होत नाही, त्याला प्राणवायू मिळत राहतो. काठावरून पाहणाऱ्याला वरचा काही मीटरांचा तपकिरी थर तेवढा दिसतो. त्याच्याखाली मात्र सबंध फ्योर्डभर जवळजवळ आर्क्टिकच पसरलेला असतो. एरवी कितीतरी उत्तरेकडे आढळणारे जीव इथल्या तळाशी राहतात, आणि ग्रीनलंड शार्कही इथे सापडलेला आहे.

उंबरठ्याच्या बाहेरची गोष्टही तितकीच विलक्षण आहे. अटलांटिक महासागरातून एक खोल समुद्री दरी, लॉरेन्शियन चॅनेल, शेकडो किलोमीटर आत येते. तिची खोली तीनशे मीटरच्या वर असते आणि तादुसाकच्या समोर येऊन ती एकाएकी संपते. भरतीच्या जोराने आत ढकलले गेलेले थंड, अन्नद्रव्यांनी भरलेले पाणी या चढावर आपटून वर येते, त्याच्याबरोबर कोळंबीसारख्या बारीक क्रिलचे थवे आणि छोटे मासे वर येतात, आणि ते खाण्यासाठी देवमासे येतात. मिंकी येतो, फिन येतो, कुबड असलेला हंपबॅक येतो, आणि पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी असलेला निळा देवमासाही कधीकधी येतो. समुद्रापासून इतक्या आत, नदीच्या काठावर उभे राहून निळा देवमासा पाहता येण्याची शक्यता असणे, हीच मुळी अचंबा वाटावा अशी गोष्ट आहे.

मी पहिल्यांदा आले ती नऊ वर्षांपूर्वी, टोरांटोहून आलेल्या चार मराठी कुटुंबांबरोबर, आणि आपल्याकडचे बहुतेक लोक जसे येतात तशीच: सकाळी पोहोचायचे, दुपारची देवमासे दाखवणारी बोट पकडायची, रात्री परत निघायचे. त्या वेळच्या बोटीचा अनुभव मी आजही विसरलेले नाही. रबरी काठांची ती वेगवान बोट लाटांवर आपटत गेली, माझ्या भाच्याला उलट्या झाल्या, आणि एका फिन देवमाशाभोवती आमच्यासकट सात बोटी गोळा झाल्या. तो वर आला की सगळे एकदम कॅमेरे उचलत. तो खाली गेला की सात इंजिने सुरू होत आणि पुन्हा कुठे वर येईल याचा अंदाज घेत पुढे सरकत. आम्ही पैसे मोजले होते, म्हणून आम्हीही आणखी जवळ नेण्याचा आग्रह धरत होतो. त्या दिवशीचे माझ्याकडे साठ फोटो आहेत आणि बहुतेकांत एक काळी पाठ आणि दुसऱ्या बोटीवरची माणसे आहेत. पुढे नियम, अंतरे आणि त्यांमागची कारणे वाचली तेव्हा मला स्वतःच्या त्या आग्रहाची लाज वाटली. म्हणूनच या वेळी आम्ही एकही बोट केली नाही. सगळे काठावरून पाहायचे, असे आधीच ठरवले होते.

इथे प्रत्यक्षात दोन उद्याने एकमेकांना लागून आहेत, आणि येणाऱ्यांचा यात नेहमी गोंधळ होतो. फ्योर्डच्या दोन्ही काठांचे कडे, जंगले आणि पायवाटा १९८३ साली स्थापन झालेल्या क्वेबेक प्रांताच्या राष्ट्रीय उद्यानात मोडतात. पाणी मात्र वेगळ्या उद्यानाचे आहे. सागने-सेंट लॉरेन्स सागरी उद्यान १९९८ मध्ये अस्तित्वात आले, त्याचे क्षेत्र सुमारे १२४५ चौरस किलोमीटर आहे, आणि त्यात जमीन नाही. कॅनडाचे केंद्र सरकार आणि क्वेबेक सरकार यांनी त्यासाठी जोडीने कायदे केले, कारण तळ प्रांताच्या अखत्यारीत येतो आणि पाण्यातले मासे, देवमासे व जहाजे केंद्राच्या. ज्या देशात या दोन सरकारांचे अनेक बाबतींत पटत नाही, तिथे केवळ पाण्याचे उद्यान दोघांनी मिळून चालवावे, याचे मला मनापासून कौतुक वाटते. २०२३ मध्ये या उद्यानाचा मोठा विस्तार करण्याचा मनोदय दोन्ही सरकारांनी जाहीर केला आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही बे सेंत-मार्गरीत या जागी गेलो. तादुसाकहून सागनेच्या डाव्या काठाने वर जाणाऱ्या रस्त्यावर हा उपसागर लागतो. सेंत-मार्गरीत नावाची सामन माशांची नदी इथे फ्योर्डला मिळते. उद्यानाच्या केंद्रापासून पाण्याजवळच्या निरीक्षणाच्या जागेपर्यंत तीन किलोमीटरांच्या आसपास चालावे लागते. वाट बहुतांशी सपाट आहे, आणि एक्याहत्तर वर्षांच्या अण्णांनी ती सहज पार केली. वाटेत बर्च आणि स्प्रूसची झाडे, खाली नेच्यांचे दाट रान, ओहोटीने उघडा पडलेला गाळ आणि त्या गाळाचा वास होता. तो वास येताच अण्णा थांबले. गाळ सगळीकडे सारखाच वास मारतो, फक्त इथे त्यात माडाची सावली नाही, असे ते म्हणाले.

निरीक्षणाची जागा म्हणजे खडकावर बांधलेले लाकडी मजले आणि बाके आहेत. तिथे उन्हाळ्यात उद्यानाचे माहितगार असतात. ते दुर्बीण देतात आणि विचारले तर सांगतात, नाहीतर स्वतःही गप्प बसून पाण्याकडे पाहत राहतात. आम्ही साडेदहाला बसलो. पहिला दीड तास काही झाले नाही. वारा थोडा सुटला आणि पाण्यावर पांढरे शेंडे दिसू लागले, तेव्हा मी प्रत्येक शेंड्याकडे बोट दाखवू लागले. शेजारच्या माहितगार मुलीने समजावून सांगितले, की लाटेचा शेंडा फुटतो आणि पसरतो. बेलुगा या पांढऱ्या देवमाशाची पाठ फुटत नाही, ती गोल वर येते, सरकते आणि जशी आली तशीच खाली जाते. एवढे एक सूत्र हाती आल्यावर पाहण्याची रीतच बदलली. मग पाऊण तासाने, भरती उपसागरात शिरू लागल्यावर, फुटले नाही असे काहीतरी पांढरे दिसले.

बेलुगा हा देवमाशांमध्ये लहान, चार मीटरांच्या आतबाहेरचा. त्याला पाठीवर पर नसतो, फक्त एक कठीण कंगोरा असतो, कारण त्याची जात बर्फाखाली वावरणारी आहे. त्याच्या मानेचे मणके जुळलेले नसतात, त्यामुळे इतर बहुतेक देवमाशांना जमत नाही अशी मान तो वळवू शकतो. हे सगळे मी वाचले होते. परंतु त्या तपकिरी पाण्यावर तो पांढरा रंग कसा दिसतो हे वाचून कळले नसते. पाठ वर येण्याआधी क्षणभर पाण्याखाली पिवळसर उजेड दिसतो. चहातून दिसावा तसा. मग तो उजेड वर चढता चढता पांढरा होतो, पाठ बाहेर येते, श्वासाचा हलकासा फुत्कार वाऱ्याबरोबर ऐकू येतो, आणि पाठ पुन्हा त्याच क्रमाने पांढरी, पिवळी, तपकिरी होत नाहीशी होते. एका पाठीला चिकटून दुसरी एक लहान, राखाडी पाठ वर येत होती. ते त्या वर्षीचे पिल्लू होते. बेलुगाची पिल्ले गडद रंगाची जन्मतात आणि पूर्ण पांढरी व्हायला त्यांना बारा-पंधरा वर्षे लागतात. आईने श्वास घेतला की ते घ्यायचे, आणि दर वेळी किंचित उशीर करायचे.

अण्णा दुर्बीण न घेता पाहत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "हे पिल्लू किती दिवस आईबरोबर राहतं?" दूध दोन वर्षांच्या आसपास चालते आणि त्यानंतरही सोबत सुटत नाही, असे त्या मुलीने सांगितले. अण्णांनी मान हलवली आणि गणपतीपुळ्याची आठवण काढली. २०२३ च्या नोव्हेंबरात तिथल्या किनाऱ्यावर देवमाशाचे पिल्लू येऊन अडकले होते; ते परत समुद्रात जावे म्हणून गावकऱ्यांनी आणि सरकारी माणसांनी जिवाचे रान केले, पण ते वाचले नाही. अण्णा तेव्हा शेजाऱ्यांबरोबर तिथे जाऊन आले होते. ती गोष्ट मी त्या मुलीला सांगावी असा त्यांचा आग्रह होता, म्हणून मी भाषांतर करून सांगितली. तिने ती पूर्ण ऐकून घेतली.

सेंट लॉरेन्सचे बेलुगा हे या जातीचे सर्वांत दक्षिणेकडचे रहिवासी आहेत. हिमयुगानंतर ते मागे राहिले, आणि स्थलांतर करून दूर न जाता इथल्या नदीमुखात आणि लगतच्या आखातातच वर्षभर फिरत राहतात. एकोणिसाव्या शतकात त्यांची संख्या दहा हजारांच्या घरात असावी असा अंदाज आहे. तेल आणि कातड्यासाठी त्यांची शिकार होत असे. पुढे कॉड आणि सामन मासे कमी झाल्याचे खापर त्यांच्यावर फुटले. १९२८ च्या सुमारास सरकारने विमानातून त्यांच्यावर बॉम्ब टाकायला लावले आणि पुढे मारलेल्या बेलुगामागे पंधरा डॉलर बक्षीस ठेवले. वादिम व्लादिकोव्ह या शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात त्यांच्या पोटातले अन्न तपासले, तेव्हा कोळ्यांच्या तोट्याला बेलुगा कारणीभूत नाहीत हे उघड झाले. शिकारीवर पूर्ण बंदी यायला मात्र १९७९ उजाडले, आणि तोवर केवळ काही शेकडा उरले होते. अलीकडच्या, सुधारलेल्या मोजणीनुसार त्यांची संख्या सुमारे १८५० सांगितली जाते. आधीच्या मोजणीतल्या आकड्यापेक्षा हा मोठा दिसतो तो मोजण्याची पद्धत सुधारली म्हणून, आणि त्यांना अजूनही धोक्यात आलेली जमात मानले जाते.

बंदूक थांबली, तरी संकट थांबले नाही. सागनेच्या वरच्या अंगाला ॲल्युमिनियमचे कारखाने आहेत, आणि त्यांतून बाहेर पडलेली विषारी द्रव्ये नदीच्या गाळात बसली. किनाऱ्याला लागलेली बेलुगांची मृत शरीरे १९८० च्या दशकापासून मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी तपासली, तेव्हा त्यांच्यात कर्करोगाचे प्रमाण धक्कादायक निघाले. कारखान्यांचे उत्सर्जन आवरल्यानंतर १९७१ नंतर जन्मलेल्या बेलुगांमध्ये तो कर्करोग आढळला नाही, असे या संशोधकांनी नमूद केले आहे. हे वाचताना मला कोकणातल्या खाड्या आठवतात, लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीखालची खाडी आठवते, तिथल्या कोळ्यांनी मेलेल्या माशांबद्दल किती वेळा तक्रारी केल्या ते आठवते. कारखाना आवरला की प्राणी सावरतो, हे सागनेवर एका पिढीत दिसून आले आहे, आणि मला ते फार मोलाचे वाटते.

आता मुख्य प्रश्न आवाजाचा आहे. बेलुगा सतत बोलतात; जुने खलाशी त्यांना समुद्रातले कॅनरी पक्षी म्हणत. गढूळ पाण्यात आई आणि पिल्लू एकमेकांना पाहून सापडत नाहीत, ऐकून सापडतात, आणि पिल्लाचा आवाज बारीक असतो. बोटीचे इंजिन त्यावर सहज मात करते. म्हणून सागरी उद्यानात बेलुगांपासून चारशे मीटर दूर राहण्याचा नियम आहे, सागनेच्या मुखाशी वेगावर मर्यादा आहे, आणि आम्ही ज्या उपसागराकाठी बसलो होतो तिथे २०१८ पासून २१ जून ते २१ सप्टेंबर कोणत्याही बोटीला शिरता येत नाही, साध्या वल्ह्याच्या कायाकलासुद्धा नाही. माझ्या मते या उद्यानाची खरी कमाई हीच आहे. तीन महिने एक उपसागर माणसांनी फक्त काठावरून पाहायचा, असे ठरले आणि ते पाळले जाते आहे. फ्योर्डच्या काठी नैसर्गिक वायू द्रवरूप करून जहाजांनी बाहेर नेण्याचा प्रकल्प येणार होता. क्वेबेक सरकारने जुलै २०२१ मध्ये तो नाकारला. त्या चर्चेत या फ्योर्डमधून वाढणारी जहाजांची ये-जा आणि बेलुगा हा मोठा मुद्दा होता. आम्ही त्या बाकावर पाच तास बसलो आणि त्या पाच तासांत जवळून एकही इंजिन ऐकू आले नाही.

तिसऱ्या दिवशी काप द बों-देझीर इथे गेलो. हे सेंट लॉरेन्सच्या काठावर, ग्रांद-बेर्जरोन गावाजवळ आहे, आणि तिथल्या गुलाबी खडकांपाशीच पाणी एकदम खोल होत असल्यामुळे मिंकी देवमासे काठाच्या अगदी जवळून जातात. आम्हाला दोन दिसले. त्यांतला एक इतक्या जवळ होता की त्याच्या श्वासाचा कुजक्या माशांसारखा वास आला. उबदार कपडे मात्र न्यावेत. ऑगस्टमधल्या भर दुपारीही खडकावर दोन तास बसल्यावर अण्णांना कानटोपी लागली. काप त्रिनिते हा फ्योर्डमधला सर्वांत प्रसिद्ध कडा आणि त्यावरचा लुई जोबें यांनी १८८१ साली घडवलेला मेरीमातेचा नऊ मीटरांच्या आसपास उंचीचा पुतळा पाहायला बरीच चढण आहे, म्हणून तो या वेळी सोडला. तादुसाक गावात १७४७ सालचे लहानसे लाकडी चर्च आहे, ते पाहिले. गावाचे नाव इन्नू लोकांच्या भाषेतून आले आहे आणि ते तिथल्या स्तनांसारख्या गोल टेकड्यांवरून पडले. आदिवासी इन्नूंची वस्ती आजही जवळच एसिपितला आहे.

अण्णांचा एक हिशेब राहिला होता. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनला भरती, अष्टमीला सहाला. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी दिनदर्शिका पाहून तादुसाकच्या भरतीची वेळ काढली होती, आणि ती धक्क्यावर लावलेल्या तक्त्याशी जुळली नव्हती. मी सांगितले की प्रत्येक बंदराचा चंद्राशी असलेला हिशेब वेगळा असतो, आणि इथे तर मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरहून अधिक चढते. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी तक्त्यातल्या चारही दिवसांच्या वेळा वहीत उतरवून घेतल्या. शेवटच्या रात्री जेवताना त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली. वेळ जुळत नव्हती, पण भरती रोज पुढे सरकत होती ती पाऊण तासाच्या आसपासच.

"म्हणजे उद्या बेलुगा दुपारी दोनच्या पुढे आत येतील," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला परत निघायचे होते, तसे मी म्हणालेही. साडेसहाला उठून पाहिले तर अण्णा बूट घालून, कानटोपी चढवून, दुर्बीण गळ्यात अडकवून गाडीजवळ उभे होते. आम्ही पुन्हा बे सेंत-मार्गरीतला गेलो आणि मॉन्ट्रियलला पोहोचायला मध्यरात्र झाली.